कैद्याच्या हातातील खुरपे

पावसाळ्याच्या तोंडाशी विसरवाडीच्या बाजारात रोपवाले येतात. आंबा, चिकू, पेरू, लिंबू, गुलाब असा सगळा माल टेम्पोतून उतरतो आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसे दोन-चार रोपे घेऊन जातात. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका टेम्पोपाशी उभा होतो. माझ्या शेजारी चाळिशीचा एक भिल्ल गडी आंब्याचे रोप हातात धरून बारकाईने पाहत होता. त्याने बोटाने खोडावरचा जोड चाचपला आणि रोपवाल्याला म्हणाला, "हे कलम नाही. पट्टी नुसती गुंडाळलीय. रोप कोयीचंच आहे."

रोपवाला चपापला. मग आवाज चढवून म्हणाला, "काय रे, तू कुठं शिकलास हे?"

त्या गड्याने रोप खाली ठेवले आणि काही न बोलता तो निघून गेला.

मी त्याला ओळखत होतो. बांधावरच्या भांडणात एक माणूस मेला होता आणि त्यात याला शिक्षा झाली होती. सात वर्षे आत काढून तो परतला होता. त्याचे नाव मी येथे देत नाही. ते एकदा सरकारी कागदावर चढले आहे, तेवढे पुरे. पुढे ओळख वाढल्यावर मी त्याला त्या दिवसाबद्दल विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, सांगितलं असतं तर त्यानं मला चोर म्हटलं असतं. न सांगितलं तर मी अडाणी. मग गप्प बसलो."

तुरुंगातून सुटणाऱ्या माणसांना बागकामाचे, रोपवाटिकेचे शिक्षण द्यावे, म्हणजे ती पोटाला लागतील आणि पुन्हा गुन्ह्याकडे वळणार नाहीत, हा विचार चांगला आहे आणि तो जुनाही आहे. परंतु आपल्या समाजात तो राबवताना तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. बागेतले कोणते काम कोणाला शिकवले जाते? शिकलेल्याची नोंद कोणाच्या नावाने होते? आणि शिकून बाहेर आलेल्या माणसाला उभे राहायला जागा कुठे आहे? हे प्रश्न टाळून दिलेले शिक्षण म्हणजे कैद्याच्या हातात खुरपे देऊन त्याला आयुष्यभर खुरपणीवरच ठेवणे होय.

प्रथम बागकाम म्हणजे काय ते पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच काम वाटते. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग पडतात. खड्डे खणणे, माती-शेणखत वाहणे, वाफे करणे, पाणी घालणे, तण काढणे हा एक भाग. त्याला मजुरी मिळते आणि ती रोजावर मिळते. दुसरा भाग कसबाचा. कोणत्या झाडाची छाटणी केव्हा करायची, गुलाबाला डोळा कसा भरायचा, डाळिंबाची गुटी कशी बांधायची, आंब्याचे कलम कसे करायचे, हे ज्याला येते त्याला रोजापलीकडचा दाम मिळतो. रोपवाटिका चालते ती याच माणसावर.

आंब्याच्या कोय कलमाचेच उदाहरण घ्या. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत कोयी रुजवतात. कोंब वर येऊन दहा-पंधरा दिवस झाले, पाने अजून तांबूस आहेत, अशा वेळी रोप अलगद उपटून कोयीच्या वर तीन-चार बोटांवर ते कापतात आणि कापलेल्या खुंटाला मधोमध चीर देतात. मग चांगल्या जातीच्या झाडावरची, तीन-चार महिने वयाची, खुंटाच्याच जाडीची काडी निवडतात, तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. साल सालीला भिडली तर कलम जगते, नाही तर दोन आठवड्यांत काडी काळी पडते. हे सगळे शिकायला मोठी शाळा लागत नाही. एक धारदार चाकू, नजर आणि दोन पावसाळ्यांचा सराव पुरतो. पण तो चाकू हातात यावा लागतो.

आमच्या या गड्याच्या हातात तो आला नाही. तो ज्या कारागृहात होता तेथे शेती होती, बाग होती. त्याला पहिल्या दिवशीच खणायला लावले. कलमे बांधण्याचे काम दुसऱ्या एका बंद्याकडे होते. कैद्याच्या हाती धार द्यायची म्हणजे विश्वासाचा प्रश्न. तो विश्वास कोणावर टाकायचा हे ठरवताना शिपायाने गुन्ह्याचे कलम पाहिले नाही, कारण खुनाचे कलम दोघांवरही होते. मग काय पाहिले? "तो बागायतदाराचा मुलगा आहे, त्याला सवय आहे, तू जंगलातला, तू कुदळ धर." हे त्याला मिळालेले उत्तर. त्याने जे शिकले ते घमेले उचलताना, तिरक्या नजरेने पाहून. एकलव्याची गोष्ट आपण पुष्कळदा सांगितली आहे. येथे फरक इतकाच की अंगठा मागण्याचीही गरज पडली नाही, चाकूच दिला गेला नाही.

ही एका शिपायाची लहर नव्हती. आपल्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीप्रमाणे कामाची वाटणी लिहून ठेवलेली होती. सफाईचे काम अमुक जातींच्या बंद्यांना आणि स्वयंपाक वरच्या जातींच्या बंद्यांना, अशा अर्थाची कलमे अनेक राज्यांच्या नियमावलीत स्वातंत्र्यानंतरही राहिली. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ती उजेडात आणली आणि त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा, विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारे उल्लेख पुसावेत, आणि राज्यांनी तीन महिन्यांत नियम सुधारावेत, असे आदेश दिले. या निकालात अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि वेठबिगारीला मनाई करणारे कलम २३ या दोहोंचा आधार घेतला आहे. १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या निबंधात बाबासाहेबांनी जात आणि श्रम यांच्या नात्याची जी चिकित्सा केली, ती तुरुंगाच्या दरवाजाआड जशीच्या तशी लागू पडत होती हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मान्य करावे लागले.

निकालाने लिहिलेली जात पुसली जाईल. न लिहिलेली जात मात्र शिपायाच्या जिभेवर आणि आपल्या भाषेतही बसलेली आहे. 'माळी' हा शब्दच पाहा. मराठीत तो धंदा आहे आणि जातही आहे. ज्या जोतीरावांच्या घराण्याला फुलांच्या व्यवसायावरून आडनाव मिळाले, त्यांनीच १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्यांना उघडे पाडले आणि शेतकऱ्याच्या मुलांना शेतकीचे शास्त्र शिकवा असा आग्रह धरला. त्यांच्या दृष्टीने ज्ञान ही कोणा एका जातीची मिरास नव्हती. म्हणून बागकामाचे प्रशिक्षण देताना पहिली अट ही असली पाहिजे की खणणारा आणि कलम बांधणारा असे दोन वर्ग पडू नयेत. आठवडाभर ज्याने कुदळ धरली त्याच्या हाती पुढच्या आठवड्यात चाकू यावा. तुरुंगातील मजुरी कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीने दिली जाते. आमचा गडी शेवटच्या दिवसापर्यंत अकुशलच राहिला. ज्याला कलम ओळखता येते तो अकुशल कसा?

आता जागेचा प्रश्न. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि ते मागे जाणे आमच्याच मुलखातले आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांशी त्यांची काही वर्षे चकमक चालली. बंदुकीने काम भागत नाही असे पाहून १८२५ साली त्यांनी धोरण बदलले. जेम्स आउट्रॅम याने भिल्लांची पलटण उभी केली, आणि जे डोंगर सोडून खाली वस्तीला येतील त्यांच्यासाठी एजंट नेमून मागचे गुन्हे माफ, कसायला पडीक जमीन, बी आणि बैलांसाठी तगाई अशी योजना आखली. हेतू साम्राज्याचा होता यात शंका नाही. पण गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला नुसती शिकवण देऊन भागत नाही, त्याला माफी, जमीन आणि भांडवल ही तिन्ही एकदम द्यावी लागतात, एवढे त्या परक्या राज्यकर्त्यांनाही कळले होते.

पुढे काय झाले हे आपल्या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. १८७८ च्या वनकायद्याने जंगल बंद झाले. सावकाराच्या चोपडीने जमीन गेली. ज्या भिल्लाला बैल दिले होते त्याचा नातू आपल्याच शेतात सालदार झाला. १९७२ साली शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी याच जमिनींसाठी लढा उभारला, आणि १९७४ साली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याला करावा लागला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, सुटलेला कैदी 'पुन्हा वाममार्गाला लागतो' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याच्या पायाखालची वाट कोणी काढून घेतली हे विचारले जात नाही.

जागा देऊन केलेला एक प्रयोग महाराष्ट्रातच आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानात, १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले अभियंते यांचा तो पुढाकार. भिंत नाही, बेडी नाही, बंद्याने कुटुंबासह राहावे आणि जमीन कसावी, अशी ती कल्पना. याच प्रयोगावरून आटपाडीच्या परिसरातलेच ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सर्वांनी पाहिला आहे, पण त्यातली एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. कैद्यांनी भाजी पिकवली तोवर कोणाचे काही बिघडले नाही. ती त्यांनी बाजारात रास्त भावाने विकायला आणली तेव्हा व्यापारी त्यांच्या जिवावर उठले. सुधारलेला कैदी समाजाला चालतो, वाट्याला आलेला कैदी चालत नाही.

स्वतंत्रपूर आजही आहे, पण ते मोजक्याच बंद्यांचे आहे. पैठण, येरवडा अशा ठिकाणीही खुली कारागृहे असून तेथे शेती चालते. १९७१ च्या नियमांप्रमाणे तेथे जाण्यासाठी शिक्षा झालेली असावी लागते, तिचा काही भाग भोगलेला असावा लागतो, वर्तणूक चांगली असावी लागते, आणि सराईत म्हणून नोंद असलेल्याला दार बंद असते. येथे कार्यकर्त्यांनी थांबून विचार करावा. १८७१ साली इंग्रजांनी केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्या राज्यात तो १९५९ चा आहे. कायद्यातून जमातीचे नाव गेले, पण पारध्याच्या पालावर पोलीस आजही पहिल्यांदा येतो. संशयावरून पकडले जाणे, पुन्हा पकडले जाणे, आणि मग सराईत ठरणे, ही साखळी ज्यांच्या वाट्याला येते तेच खुल्या शेतीपासून वंचित राहतात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, न्यायचौकशीतले कच्चे कैदी होते. शिक्षा झालेल्यांसाठी काम आहे, मजुरी आहे, प्रशिक्षण आहे. कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नाही, आणि म्हणून शिक्षणही बहुधा नाही. तो वर्ष-दोन वर्षे भिंतीकडे पाहत बसतो आणि जामिनाचे पैसे जमले की रिकाम्या हाताने घरी येतो. या गर्दीत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून अधिक आहे. पहिल्यांदाच आरोपी असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे, अशी तरतूद जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. मात्र देहान्त वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि अनेक खटले प्रलंबित असल्यास तिचा लाभ मिळत नाही. ही तरतूद पाड्यापर्यंत पोहोचवणे हेसुद्धा आपलेच काम आहे. झाडाची छाटणी शिकवण्याआधी माणूस उगाच आत सडू नये हे पाहिले पाहिजे.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेवरून. त्या देशातही तुरुंग काळ्या माणसांनी भरलेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात काम करणाऱ्या कॅथरीन स्नीड या काळ्या बाईंनी १९८० नंतरच्या दशकात बंद्यांना घेऊन तुरुंगाच्या पडीक जमिनीत भाजीपाला लावायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आले की आत बाग शिकलेला माणूस सुटला की पुन्हा त्याच रस्त्यावर उभा राहतो. म्हणून १९९२ साली त्यांनी तुरुंगाबाहेर, सुटलेल्यांसाठीच, 'गार्डन प्रोजेक्ट' सुरू केला. त्या माणसांना शहराच्या रस्त्यांवर झाडे लावण्याचे पगारी काम मिळू लागले. यातला धडा सरळ आहे. दरवाजाच्या आतले शिक्षण दरवाजाबाहेरच्या कामाशी बांधलेले असले तरच ते टिकते.

आपल्याकडे हे कसे बांधता येईल? माझ्या अल्प अनुभवातून चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट दाखल्याची. शिकलेल्या कसबाचा कागद मिळालाच पाहिजे, पण त्यावर कारागृहाचे नाव नको. तुरुंगाच्या शिक्क्याचा दाखला म्हणजे दुसऱ्यांदा दिलेली शिक्षा. राज्यातील काही मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे आहेत, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने उद्यानविद्येचे अभ्यासक्रम चालवले आहेत. दाखला विद्यापीठाचा असला की तो बाहेरच्या कोणाही विद्यार्थ्याच्या दाखल्यासारखाच दिसतो. मात्र परीक्षा हाताची असावी. ज्याला अक्षर येत नाही पण कलम येते, त्याला नापास करणारे विद्यापीठ आपल्याला नको.

दुसरी गोष्ट मजुरीची. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तमजुरी करणाऱ्या बंद्याला न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे असे सांगितले. त्या मजुरीतून काही रक्कम सुटकेच्या दिवसासाठी हक्काने बाजूला ठेवली, तर कलमाचा चाकू, पिशव्या आणि शेडनेटचा तुकडा घेण्याइतके भांडवल त्याच्या हाती राहील. पहिला पावसाळा सावकाराकडे न जाता निघेल.

तिसरी गोष्ट संघटनेची. एकट्या सुटलेल्या माणसाला नगरपालिकेच्या बागेचा ठेका कोणी देत नाही. चारित्र्याचा पोलिसी दाखला आडवा येतो. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थांची परंपरा आहे. तिच्यात सुटलेली माणसे आणि गावातली भूमिहीन माणसे एकत्र आली, तर कोण कुठून आला हा प्रश्न मागे पडेल. फक्त सुटलेल्यांची वेगळी संस्था काढू नये. वेगळी वस्ती काय करते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

चौथी गोष्ट जमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आमच्या तालुक्यात पुष्कळ दावे झाले. दावेदार तुरुंगात असला की त्याच्या कुटुंबाचा कागद मागे पडतो. कार्यकर्त्यांनी आत असलेल्यांची यादी करून त्यांचे दावे, सातबारा, बायकोचे नाव, हे सगळे तो येण्याआधी पाहून ठेवावे. त्याच्याजवळ दहा गुंठे असतील तर तो मजूर म्हणून नाही, रोपवाटिकेचा मालक म्हणून परत येईल.

हे सगळे होईल तेव्हा होईल. धुळ्याचा तुरुंग महाराष्ट्राला ठाऊक आहे तो १९३२ साली विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून. त्या प्रवचनांचे पुस्तक घरोघर गेले. त्याच तुरुंगांत त्या काळीही दरोड्याच्या, चोरीच्या, जंगल तोडल्याच्या आरोपाखाली आलेले भिल्ल आणि पारधी असणारच. त्यांनी काय खणले, काय लावले, काय शिकले, हे कोणी लिहून घेतले नाही. ते लिहून घेणे आणि मागणे हे आता आपल्या शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे काम आहे.

त्या गड्याविषयी सांगून थांबतो. मागच्या पावसाळ्यात मी त्याला माझ्या घरामागची पडवी दिली आणि एक चाकू आणून दिला. त्याने चाळीस कोयी रुजवल्या, काड्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या झाडावरून आणल्या. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता. पाहिले होते पुष्कळ, केले कधी नव्हते. चाळीसपैकी सतरा जगली. तो हिशेब करून म्हणाला, "गुरुजी, आत असताना शिकवलं असतं तर तीस जगली असती."

त्या सतरांपैकी पाच त्याने आपल्या वनपट्ट्यात लावली आणि बारा बाजारात आणली. रोपवाल्याच्या टेम्पोशेजारीच गोणपाट टाकून तो बसला. एका गिऱ्हाइकाने विचारले, "कलम खरं आहे ना? कुठं शिकलास?" मी जरा लांब उभा होतो. तो म्हणाला, "जोड बघा. जोड दिसतोय ना? मग कुठं शिकलो ते कशाला?"

त्या माणसाने दोन रोपे घेतली.